उजव्या मडगार्डवरचा आरसा

शालिक, तू गेल्याले पंधरा दिवस झाले अन् मी रोज एक भाकर जास्त खाऊन राहिलो. बायको टोपल्यात पायते अन् म्हणते, "दोस्त गेला का लोकायचं अन्न तुटते. तुमचं वाढलं." मी ठेचा मागतो. तिले काय सांगू, का सात वर्षं माह्या घशात एक काच अडकली होती, अन् ते तुह्या तेरवीच्या आधी निंघाली. आता घास सरळ जाते.

हे मी सांगून राहिलो अन् आपल्या गल्लीतले मास्तर लिहून राहिले. शायेत मीही गेलो होतो, पण एकच दिवस, अन् तोही सुट्टीचा निंघाला. मास्तरायले म्हटलं, जसं बोलतो तसंच लिहा. शालिकले शुद्ध मराठी वाचून दाखवली त तो समजन वकीलसाहेबाची नोटीस आली, अन् घाबरीन.

तू वकीलसाहेबाच्या काया मोटारचा ड्रायवर, अन् मी ताजनापेठेत मोटारी खोलणारा पुंडलिक मिस्त्री. खोलणारा म्हणतो. लावणारा म्हणाची माही हिंमत नाही. बापाची वांग्याची वाडी होती. बापानं मले खुरपाले बसवलं, मी गवत ठेवलं अन् वांगे उपटले. बाप म्हणे, "याले लोखंडापाशी बसवा, लोखंड मरत नाही." तसा मी मिस्त्री झालो.

त्या विलायती मोटारले बाहेरचा आरसा एकच होता. बशीएवढा गोल, उजव्या मडगार्डवर, दांडीवर बसवलेला. ड्रायवर अंदर बसला का त्याचा हात तिथलोक पोचत नाही, म्हून तो आरसा लावाचं काम दोघायचं. एकानं बाहेर उभं राहून आरसा फिरवाचा, दुसऱ्यानं अंदर बसून सांगाचं. मी बाहेर, तू अंदर. तुह्या-माह्या दोस्तीचं अर्धं बोलणं त्या काचेतूनच झालं.

"दिसते का बे?" मी म्हणो.

"दिसते."

"काय दिसते?"

"तू दिसून राहिला."

"अन् मांगचा रस्ता?"

"अबे, तू आरशापुढं उभा हायेस. रस्ता काय तुह्या पोटातून दिसन?"

दर वेळी हेच. मी बाजूले सरकलो का मंग तू म्हणे, "बस." तुहं ते 'बस' आलं का मी नट आवळो.

पहिल्यांदा आरसा बार्शीटाकळीच्या बाजारात फुटला. बैलानं शिंग मारलं म्हणे. मी बैलाले शिव्या देल्ल्या अन् कामाले बसलो. आरसा बदलाचा म्हणजे लय मोठं काम नाही, पण मी त्याले मोठं करतो. काचेभोवती एक कडं रायते, त्याले खाली एक बारीक पेच. तो पेच ढिला केला का कडं निंघते, कड्यातून रबर निंघते, रबरातून काच, काचेमांगं पुठ्ठा. दांडीच्या टोकाले एक गोयी, ती वाटीत बसते, अन् मांगून स्प्रिंग दाबून धरते, म्हून आरसा जिथं ठेवला तिथं रायते. दांडीचा नट मडगार्डच्या खाली. मी घासलेट टाकलं, खाली निजलो, तोंड उघडं ठेवून नट फिरवला, अन् बार्शीटाकळीचा सारा चिखोल माह्या तोंडात आला. तू वरून इचारलं, "काय म्हणते माती? कापूस होईन का?"

नवी काच ताजनापेठेतल्याच काचवाल्यानं गोल कापून देल्ली. मी लावली. तू मोटार घेऊन गेला अन् मी खिशात हात घातला त स्प्रिंग खिशात. बोरगावलोक आरसा मान हालवत गेला, जसा काई पोरीचा बाप साऱ्याले हो म्हणून राहिला. तू परत आला अन् उतरल्या उतरल्या हात पुढं केला. मी गुपचाप स्प्रिंग तुह्या हातावर ठेवली. तवापासून माह्या कामानंतर तू दर वेळी म्हणे, "खिसा दाखव."

दुसऱ्यांदा आरसा रिद्धपूरले फुटला. वकीलसाहेबाच्या मायले दर्शनाले नेलं होतं, वापस येतानी कडूलिमाच्या झाडाले घासला. मी लिमाले शिव्या देल्ल्या. तिसऱ्यांदा अमरावतीले, फाटकातून निंघता निंघता. त्या खेपेले नुसती काच नाही, कडंई चेपलं अन् वाटीई फुटली. अकोल्यात तसा सामान भेटे नाही. मुंबईहून मागवू म्हटलं त तू म्हणे, "लेका, तवलोक मी काय माणसं मांगं बसवून त्यायले इचारत जाऊ, काय येऊन राहिलं म्हून?"

मंग मी अमरावतीच्या भंगार बाजारात गेलो. तिथं लढाईतल्या मोडक्या मिल्ट्री टरकायचे आरसे पडले होते. त्यातला एक उचलला. कडं पक्कं, गोयी पक्की, वाटी पक्की, काच जराशी फुगीर. त्यात पायलं त सारा बाजार त्या बशीत बसला. माणसं, बैलबंड्या, दुकानं, वरचं आभाय. मले वाटलं, लय भारी माल भेटला. तुले दाखवला अन् छाती फुगवून म्हटलं, "शालिक, तुह्या आरशात गल्ली दिसत होती. याच्यात अकोला जिल्हा दिसन."

तो आरसा मी लावला, तू 'बस' म्हटलं, मी खिसा दाखवला. या खेपेले खिसा रिकामा होता, म्हून मी लयच खूश.

त्याच्या दीड-दोन मयन्यानं ते झालं. वकीलसाहेबाले तू बडनेऱ्याच्या टेशनावर सोडलं अन् रिकामी मोटार घेऊन अकोल्याले निंघाला. मूर्तिजापूरच्या पुढं एक कापसाची बैलबंडी जाऊन राहिली होती, कडब्याच्या गंजीसारखी भरलेली. तिच्या बाजूनं काढाले तू मोटार उजवीकडं घेतली. मांगून सरकीचा टरक येऊन राहिला होता. टरकानं ठोकलं, मोटार नालीत गेली, अन् तुहा पाय पायडलात अडकून दोन जागी मोडला. बंडीवाला वाचला, बैल वाचले, टरकवाला वाचला. अन् माहा तो आरसा, त्याले ओरखडाई नाही.

मोटार वढून माह्या दुकानात आणली. अमरावतीचे एक म्हातारे टरक ड्रायवर तिथं चहा पित बसले होते. त्यायनं आरशात पायलं अन् म्हणे, "हा कोणं लावला?" मी हौसेनं म्हटलं, "मी." ते म्हणे, "या काचेत मांगचं लहान दिसते. लहान दिसते म्हून लांब वाटते. टरकवाल्यायले सवय रायते. मोटारवाला फसते."

मले खरं वाटलं नाही. मी आरसा खोलला, हातात धरला अन् रस्त्यात पाठ करून उभा राहिलो. आरशात एक बंडी दिसली, लहानशी, तिकडं लांब मोडावर. म्हटलं, हे येईलोक बिडी पेटते. काडी ओढली, तितल्यात बैलानं माही मान चाटली.

शालिक, त्या दिवसापासून मी तुह्या पायाचा चोर झालो.

दवाखान्यात आलो तवा तुहा पाय पांढऱ्या चुन्यात टांगला होता. सांगाचंच म्हून आलो होतो. म्हटलं, "शालिक, तो आरसा..." तू बोलूच देल्लं नाही. म्हटलं, "आरसा चांगला होता. जाय, चहा आण." मी चहा आणाले गेलो अन् रडून घेतलं. चहावाला म्हणे, साखर जास्त टाकू का.

मंग तुही ड्रायवरी सुटली. वकीलसाहेबानं तुले कचेरीत ठेवलं, पक्षकारायले बसवाचं, पाणी द्याचं. तू लंगडत ये, अन् लंगडण्याचा तो आवाज मले गल्लीच्या तोंडापासून समजे. एक पाय पडे अन् एक घासे. मी पाना आपटत राहो, आवाज दबावा म्हून. सात वर्षं मी बिनकामाचे नट ठोकले.

किती खेपा सांगाचा जोर केला. एकदा चहाच्या दुकानात म्हटलं, "शालिक, त्या दिवशी आरशात..." तू म्हटलं, "पुंड्या, तुह्या धोतराले वंगण लागलं." माह्या धोतराले वंगण त लग्नाच्या दिवशीई होतं. दुसऱ्या खेपेले म्हटलं, "त्या टरकाच्या वक्ती तुले..." तू उठून पान खाले गेला. तू पान खातच नवता.

अन् सगळ्यात वाईट म्हणजे चार लोक बसले का तू आपणहून म्हणे, "अपघात झाला हो, पण पुंड्याचा आरसा एक नंबर होता." लोक माह्याकडं पायत. मले वाटे, हा मले टोचून राहिला. याले सारं समजलं अन् हा रोज थोडं थोडं मीठ लावून राहिला. मी घरी येऊन बायकोवर चिडो. ती म्हणे, "आरशाची तारीफ केली नं? मंग तोंड काहून आंबलं?"

मंग तू गेला. त्याचं मी सांगत नाही, लोकायले माहीत हाये.

पाचव्या दिवशी मी तुह्या घरी गेलो. म्हटलं, शालिकले सांगणं झालं नाही, आता वहिनीले त सांगू. गिरजा वहिनी सुपात ज्वारी पाखडून राहिली होती. मी भिताडाले टेकून बसलो.

"वहिनी, मले एक सांगाचं हाये."

"सांगा नं, भाऊजी."

"पण तुमी मले हाकलून देसान."

"आधी चहा पिऊन घ्या. मंग हाकलतो."

चहा पेलो. मंग सांगतलं. भंगार बाजार, फुगीर काच, बैलानं मान चाटली ते, सारं. म्हटलं, "शालिकचा पाय टरकानं नाही मोडला वहिनी, माह्या आरशानं मोडला. त्याले टरक लांब दिसला असन."

वहिनीनं सूप खाली ठेवलं. माह्याकडं असं पायलं, जसा मी दुसऱ्याच कोणाच्या घरी येऊन बसलो.

"भाऊजी, त्यायनं त्या दिवशी आरशात पायलंच नवतं."

मले वाटलं, ही दया करून राहिली. म्हटलं, "असं कसं. ड्रायवर हाये, आरशात पायल्याबिगर मोटार काढन का?"

"त्यायले उजव्या डोयानं दिसे कुठं," वहिनी म्हणे. "लहानपणी इटी-दांडू खेयतानी इटी लागली होती. वरून डोया चांगला, अंदरचा दिवा इझेल. मान पुरी फिरवली तवा त्यायले तो आरसा दिसे. त्या दिवशी डावीकडं बंडी, बैल बुजलेला, सारी नजर तिकडं. मान फिरवाले येळच भेटला नाही. मले दवाखान्यातच सांगतलं होतं त्यायनं."

"वकीलसाहेबाले माहीत होतं?"

"कोणालेच नाही. सांगतलं असतं त मोटार कोणं हातात देल्ली असती?"

"मले काहून नाही सांगतलं?"

वहिनी हासली. पाचव्या दिवशी, तशा घरात, पदर तोंडाले लावून हासली. "मी म्हणो, भाऊजीले सांगा. त ते म्हणत, पुंड्याच्या हातात नट रायत नाही, तोंडात गोष्ट काय राईन. अन् एक म्हणत. लोक पुंड्याच्या कामाले नाव ठेवतीन, म्हून मी साऱ्यायले सांगत रायतो का आरसा चांगला होता."

शालिक, मी तिथं हासलो का रडलो हे मले अजून ठरवता आलं नाही. वहिनीनं दुसरा चहा देल्ला, तोई पेलो. मंग म्हटलं, भाकर हाये का.

घरी येता येता एक एक पेच ढिला होत गेला. तू चहाच्या दुकानात नेहमी उजवी बाजू भिताडाले लावून काहून बसे. तुह्या उजव्या हाताकडचा कप दर चार दिवसानं खाली काहून पडे. एकदा मी टिळक रोडवर तुले हात करू करू थकलो, तू सरळ निंघून गेला, मी मयनाभर तुह्याशी बोललो नाही, लोकायले सांगत फिरलो का वकिलाची मोटार चालवते म्हून याले माज आला. मी तुह्या उजवीकडून हात करत होतो. अन् तो बैल, तो लीम, ते फाटक. तीन खेपा तोच आरसा फुटला, तीन खेपा मी खोलला, लावला, बैलाले अन् झाडाले शिव्या देल्ल्या. इंजिनचा आवाज आयकून त्याच्या पोटात काय दुखते ते सांगणारा मी मिस्त्री, अन् मोटारच्या अंदर बसलेला माणूस मान कोंबड्यावाणी काहून फिरवते, हे मी एका खेपेलेई इचारलं नाही. मले वाटे, शालिकची मान अकडली. एकदा त मी तुले तेल लावाले सांगतलं होतं. तू लावलंई. दोन दिवस वास मारत होता.

आता एक भांडण करू दे, नाही त तुले वाटन पुंड्या मऊ झाला. तू चुकला, शालिक. एका डोयानं मोटार हाकणं म्हणजे काई थट्टा नाही. त्या बंडीवाल्याले काई झालं असतं त? वकीलसाहेबाच्या मायले तू रिद्धपूरले नेलं, ते म्हातारी मांगं बसून नामस्मरण करत होती, बरं झालं करत होती. हे मी तुले तोंडावर म्हटलं असतं. तू म्हटलं असतं, "अन् तू फुगीर काच लावली ते?" तेई खरंच हाये. ते काच चूकच होती. दोन्ही डोये धड असलेला ड्रायवर तिच्यानं फसला असता. तुह्या जागी दुसरा असता त मी खराच चोर होतो. मी सुटलो ते माह्या अकलेनं नाही, तुह्या इटी-दांडूनं.

पण सुटलो. हे लपवून काय करू. सात वर्षं मी तुह्या पायाचा आवाज आयकत होतो, अन् तू माह्या तोंडातून 'आरसा' निंघाला का घाबरत होता, का आता पुंड्या डोयाचं इचारते. एकाच बाकड्यावर बसून आपण दोघं एकमेकाले भ्यालो अन् वरून एकाच बशीत चहा पेलो. तुले सांगतलं असतं त तू हासला असता, तू सांगतलं असतं त मी हासलो असतो. इतकंच रायलं. बाकी सारं बोलून झालं होतं, जास्तच झालं होतं.

तो फुगीर आरसा मी सात वर्षं फडक्यात गुंडाळून अवजाराच्या पेटीत तयाशी ठेवला होता. काढला, पुसला अन् दुकानात खिळ्याले टांगला. त्यात पाहून दाढी करतो. माहं नाक वांग्याएवढं दिसते अन् मांगची ताजनापेठ मोहरीएवढी. बाप असता त म्हणाला असता, शेवटी वांगं पिकवलं लेकानं.

परवा वकीलसाहेबाची तीच कायी मोटार आली. नवा ड्रायवर हाये, चांगला माणूस, बोलते कमी. अपघातानंतर मी लावलेला सरळ काचेचा आरसा ढिला झाला होता. मी पेच काढला, कडं काढलं, तीच काच पुसून परत घातली, रबर बसवलं, गोयी पुसली, स्प्रिंग लावली. मंग आरसा फिरवला.

"दिसते का?"

"दिसते."

तुहं 'दिसते' मी किती वर्षं आयकलं, अन् किती वर्षं खरं मानलं. मी आरसा सोडून खिडकीपाशी गेलो अन् म्हटलं, "डावा डोया झाक."

"काहून, मिस्त्री?"

"झाक त खरं. बोटं किती?"

"तीन."

"आता उजवा झाक."

"दोन. मिस्त्री, मी मोटार घ्याले आलो का तुमी मले जावई करून राहिले?"

मी परत मडगार्डपाशी आलो, आरसा धरला. "आता पाय. काय दिसते?"

"तुमीच दिसून राहिले."

मी आरशापुढंच उभा होतो. बाजूले सरकलो. तो नुसताच आरशात पायत राहिला. त्या बापड्याले काय माहीत, या जाग्यावर काय म्हणाचं असते.

"मांगचा रस्ता दिसला का म्हणाचं, 'बस.'"

"बस," तो म्हणाला.

मी नट आवळला. मंग खिशात हात घातला. तू नवता, तरी दोन्ही खिसे बाहेर काढून दाखवले. काईच उरलं नवतं.